पडद्यावरची आई

पुताई,
नववा महिना

प्रिय चेन,

आज समुद्रावर वारा फार आहे. तुझ्या दाजींनी होडी बाहेर काढली नाही, त्यामुळे मला फोडायला कालवं नाहीत. हात रिकामे राहिले की माझं तोंड चालायला लागतं, हे तुझं जुनंच म्हणणं. समोर ऐकायला कुणी नाही, म्हणून आज ते कागदावर चालवतेय. तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगेन, मधेच भरकटेन, कंटाळू नकोस. कागदाला कालवांचा वास येईल. शाळेत असताना या वासापायी तू आपल्या वह्या उन्हात वाळत घालायचीस आणि आई ओरडायची, की अगं, वह्या आहेत की बोंबील. आता वास आला तर येऊ दे.

आधी मानमानचं सांगते, कारण तुला तेच हवं असणार. तुझी मुलगी आता सात वर्षांची आहे. वरचे दोन दात पडलेत, म्हणून हसताना तोंडावर हात धरते. रताळ्याच्या पेजेतली रताळी वेचून खाते आणि नुसती पेज माझ्यापुढे सरकवते. केस मी कापून टाकले, उवा झाल्या होत्या. रागावू नकोस, वाढतील. दाजींना ती नावानं हाक मारते, "आ-हाइ, इकडे ये," आणि हा साठीला आलेला माणूस मुकाट उठून जातो. मी बोलावलं तर त्याला ऐकू येत नाही.

वसंतात तू तिला माझ्याकडे आणून सोडलंस. ताइपेईत मोठं शूटिंग आहे, असं तिला सांगितलंस. मला खरं काय ते स्टेशनवर सांगितलंस, तिकिटाच्या रांगेत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. पोटात गाठ आहे, पसरली आहे, उपचार घेणार आहे. पोरीला कळता कामा नये. तिच्या बापालाही कळवू नकोस, तो काओश्युंगला नव्या संसारात आहे, तिथंच बरा आहे. मी मान डोलावली. तुला नाही म्हणणं मला कधी जमलंय? आई गेल्यावर तुला मीच वाढवलं, लाडावलं, आणि तू पिक्चरात जायचं म्हणालीस तेव्हा अख्ख्या गावाशी मीच भांडले. तुझ्या भूमिका कसल्या, तर गर्दीतली बाई, दुकानातली बाई, रडणारी दुसरी बाई. तरी मी कालवं फोडता फोडता सगळ्यांना सांगायची, आमची चेन नटी आहे.

मग तो पिक्चर आला, ज्यात तुला पहिल्यांदा खरं काम मिळालं. बुडून मेलेल्या बाईचं. तुझी मान लांब, आणि उलटं चालणं तुला चटकन जमलं, म्हणून तुला घेतलं, असं तू हसत सांगितलं होतंस. ओले केस तोंडावर, पांढराफटक चेहरा. मी तो निम्मा बोटांच्या फटीतून पाहिला आणि उरलेला पाहिलाच नाही. मानमानला तो दाखवायचा नाही, हे आपलं ठरलेलं होतं.

पण सातव्या महिन्यात आपल्या गावाला काय होतं ते तुला माहीत आहे. देवळापुढे पडदा लागतो, भल्या भावांसाठी पिक्चर लावतात. (तो महिना सरलाय, तरी भूत हा शब्द लिहायला अजून हात धजत नाही. भले भाऊच म्हणते.) दरवर्षी मारामारीचे नाहीतर हसायचे पिक्चर असतात. या वर्षी समितीच्या छाई काकांच्या डोक्यात आलं, की आपल्या गावची पोर पडद्यावर चमकली आहे, तर तिचाच लावू. कुणीतरी म्हणालं, अहो काका, पण त्यात ती, म्हणजे, ती भली बहीण आहे. तर काका म्हणाले, "मग चांगलंच की. भावांना आपल्यातलंच कुणीतरी बघायला मिळेल." सगळ्यांना पटलं. तुझा मान करायचा होता गं त्यांना. तुझ्या आजाराचं कानावर आलं होतं, त्यातून तर जास्तच. पडद्यावर कुठला पिक्चर आहे, हे मला कुणीच सांगितलं नाही. मी देवळामागं नैवेद्याची ताटं लावत होते.

मानमानला पोरांनी सांगितलं, तुझी आई येणार आहे पडद्यावर. ती धावत गेली आणि थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली. पहिली रांग भावांची, तिथं प्रत्येक रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा पेला ठेवलेला. त्या रांगेत जिवंत माणूस बसत नाही. पण तिला आईला जवळून बघायचं होतं. मी किंकाळी ऐकली ती तिची नव्हती, मागच्या बायकांची होती. मानमान गप्प बसली होती. मी तिला उचललं तेव्हा तिचं अंग लाकडासारखं झालं होतं आणि डोळे पडद्यावरून हलत नव्हते.

त्यानंतर तिचं जे झालं, ते तुला फोनवर थोडंथोडं सांगितलं, सगळं नाही. ती न्हाणीघरात एकटी जाईना. पाण्याचा आवाज आला की कान झाकायची. आणि तू फोन केलास, पडद्यावर तुझा चेहरा आला, डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली, की उठून पळायची. तू तिकडे हाका मारतेयस आणि इकडे मी रिकाम्या खुर्चीला फोन दाखवतेय. तेव्हा तू जे म्हणालीस ते माझ्या काळजात रुतून बसलंय. "ताई, तिची भीती जाईपर्यंत तिला इकडे आणू नकोस. मला आता मेकअपची गरजच उरली नाही." आणि हसलीस. तुझ्या हसण्याचा मला इतका राग कधी आला नव्हता.

म्हणून मी तिच्या भीतीच्या मागेच लागले. तुझ्याकडे वेळ किती आहे हे डॉक्टर सांगत नव्हते, पण ते सांगत नव्हते त्यातच मला कळत होतं. भीती गेली तर पोर तुझ्याकडे येईल, नाहीतर नाही. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आधी सगळ्यांनी तिला समजावलं, की खोटं असतं गं ते, रंग लावतात. दाजींनी तर तोंडाला पीठ फासलं आणि केसांवर ओलं जाळं टाकून अंगणात उलटे चालू लागले, पोरगी हसेल म्हणून. भीतीनं तिची चड्डी उभ्या जागी ओली झाली. बिचाऱ्यांनी तोंड धुतलं आणि दिवसभर होडीत जाऊन बसले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तिला त्या बाईचं चित्र काढू द्या, मग त्याला मिशा काढा, टोपी घाला, भीती हसण्यात जाते. मानमाननं चित्र काढलं. पण त्यात बाई नव्हतीच. एक पाळणा आणि पाळण्यात एक बाळ. मिशा कुणाला काढायच्या? बाईंनी चांगलं आहे म्हणून चित्र भिंतीवर लावलं आणि मी ते पाहून घरी आले. मला काही कळलं नाही.

गावात मात्र कुणालाच शंका नव्हती. पोर भावांच्या खुर्चीत बसली, तिथंच तिचा जीव दचकून देहाबाहेर राहिला, आता तो बोलावून आणायला हवा. लहानपणी आपला जीव तान आजी बोलावून आणायच्या तसा. आजी अजून आहेत, ऐकू कमी येतं, पण हात तसेच आहेत. त्यांनी पेला तांदळानं काठोकाठ भरला, मानमानच्या सदऱ्यात गुंडाळला, उदबत्ती लावली, आणि तिच्या छातीपाठीवरून पेला फिरवत तिचं पूर्ण नाव घेतलं, घराचा पत्ता सांगितला, आणि म्हणाल्या, सू सिन-मान, घरी ये. मग सदरा सोडून तांदळाकडे बघत बसल्या. तांदूळ एका कडेनं खचला होता. म्हणाल्या, "पोरीचा जीव जागेवर आहे. ही घाबरलीय ती स्वतःसाठी नाही." मी मनात म्हटलं, म्हातारीची नजर गेली. आणखी दोनदा करायला लावलं. मानमान दर वेळी शहाण्यासारखी बसायची आणि आजींचे ओठ टक लावून बघायची.

मग एका दुपारी मी कालवांच्या शेडमधून लवकर घरी आले. आतून बारीक आवाज येत होता. दारातून पाहिलं तर मानमान जमिनीवर बसली होती. पुढे तांदळाचा पेला, तुझ्या आकाशी ब्लाऊजमध्ये गुंडाळलेला, तोच, जो तू जाताना विसरलीस. उदबत्ती नव्हती, तर पेन्सिल धरली होती. पेला हवेत फिरवत होती, तू समोर बसली असशील तसा. तुझं पूर्ण नाव घेत होती. आणि पत्ता आपल्या घराचा नाही सांगितला. म्हणाली, ताइपेईचं हॉस्पिटल, सहावा मजला, खिडकीजवळची खाट. हो युन-चेन, घरी ये. आणि हे सगळं आपल्या घरच्या बोलीत, शाळेच्या भाषेत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळ्या बायका शेडमध्ये तिच्यासमोर बोललो. हल्लीच्या पोरांना शाळेची भाषा तेवढी येते, बोली कुठे कळते, म्हणून बिनधास्त बोललो. गाठ, औषध, किती दिवस, खर्च, सगळं. ती उन्हाळाभर माझ्या शेजारी बसून शिंपले मोजत होती आणि बोली शिकत होती. एवढ्या मोठ्या बायका आम्ही, आणि एकीच्याही लक्षात आलं नाही.

मी तिच्याजवळ बसले. ओरडले नाही, रडलेही नाही, त्या वेळी तरी. म्हटलं, मानमान, तुला कधीपासून माहीत आहे. ती म्हणाली, "लिचीच्या दिवसांपासून. तू आणि शेडमधली चुन मावशी बोलत होतात. मावशी, मी सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं." मला वाईट वाटू नये म्हणून एवढंसं पोर अख्खा उन्हाळा तोंड मिटून होतं. चेन, त्या क्षणी मला तुझा राग आला, माझाही आला, आणि गावातल्या प्रत्येक शहाण्या बाईचा आला.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तो पिक्चर आपण दोघी मिळून बघायचा का. दिवसाढवळ्या, दार सताड उघडं टाकून, आवाज बंद करून, आणि तू म्हणशील तिथं थांबवायचा. ती हो म्हणाली. मांडीवर भाजलेल्या शेंगांची परडी घेऊन बसलो. तू विहिरीतून वर आलीस, मी डोळे मिटले, ती म्हणाली, "मावशी, घाबरू नको, इथं काही नाही." तू छतावरून चाललीस, ती शेंगा सोलत होती. तू तोंड उघडलंस आणि त्यातून पाणी आलं, तरी तिला काही नाही. म्हणाली, "आईनं मला सांगितलं होतं, ती नळी कानामागून येते." मी बघतच राहिले. मग घरातला तो भाग आला, जो मी कधी पाहिलाच नव्हता. ती बाई आपल्याच घरात येते, पाळण्यात तिचं स्वतःचं बाळ झोपलेलं आहे, आणि ती पाळण्यावरून नजर फिरवते, जशी भिंतीवरून फिरवावी, आणि पुढे निघून जाते. मानमाननं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "इथं थांबव."

थांबवला. पडद्यावर तुझा चेहरा होता, आणि तुझे डोळे त्या बाळाकडे असून नसल्यासारखे. चांगलं काम केलंस तू. मला पहिल्यांदा कळलं की तू खरोखर नटी आहेस, आणि ते असं कळायला नको होतं. मानमान म्हणाली, "तिला कळलंच नाही ते तिचं बाळ आहे." मग विचारलं, "मावशी, आई मेल्यावर मला विसरणार का? आताच विसरायला लागली असेल का? म्हणून मी फोनवर बघत नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं तर मी काय करू?"

एवढीच होती गं तिची भीती. पांढऱ्या तोंडाची नाही, केसांची नाही, पाण्याचीही नाही, त्यांनी तिला ती नजर आठवायची एवढंच. भल्या भावांची तर मुळीच नाही. आम्ही तिचा जीव परत बोलवत होतो, आणि तो बसला होता पाळण्याशेजारी, तू बघतेस का याची वाट बघत.

तो पिक्चर आहे, असं मी म्हणू शकले असते. आई कधी विसरत नाही, असंही म्हणू शकले असते, कुठल्याही मावशीनं तेच म्हटलं असतं. पण हे पोर खोटं ओळखायला शिकलंय, आम्हीच शिकवलंय. मी म्हटलं, "विसरली तर मी आठवण करून देईन. ते काम माझं. लहानपणापासून तिच्या सगळ्या विसरलेल्या वस्तू शाळेत मीच पोचवत आलेय." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, खरं बोलतेय का ते. मग राहिलेल्या शेंगा खाल्ल्या. त्या दिवशी ती न्हाणीघरात एकटी गेली आणि अंघोळ करताना मोठ्यानं गात होती. मी बाहेर पायरीवर बसून बाहीनं तोंड दाबून रडले. दाजी येऊन शेजारी बसले, बरं केलं.

आता हे का लिहितेय ते सांगते. मागच्या आठवड्यात मी एकटीच तुला भेटायला आले होते. मानमान आता घाबरत नाही, तिला घेऊन येते, हे तुला तोंडावर सांगायचं होतं. तुला कालवांचं धिरडं आवडतं म्हणून डब्यात घालून आणलं होतं. तू ते हातात धरून माझ्याकडे पाहिलंस आणि नम्रपणे विचारलंस, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" मी म्हटलं, मी ताई. तू हसून मान हलवलीस, परक्या माणसाचा मान राखावा तशी. मानमानचं नाव घेतलं, तर म्हणालीस, छान नाव आहे. बाहेर आल्यावर शिआ सिस्टरनी सांगितलं, गाठ आता डोक्यात गेली आहे, पण सकाळी थोडा वेळ तू बरी असतेस, तेव्हा कुणी काही सांगितलं तर कधी कधी तुझ्या लक्षात राहतं. म्हणून हे पत्र. सिस्टर रोज सकाळी तुला हे वाचून दाखवणार आहेत, पहिल्यापासून, शनिवारपर्यंत. मी मानमानला सगळं सांगितलंय, तू ओळखणार नाहीस असंही होईल हेही. ती तरी येणार म्हणते. शनिवारी सकाळी तुझ्या खोलीत दोघी येतील. जाडी, पिकल्या केसांची ती मी, माझ्याकडे लक्ष देऊ नकोस, मला ओळखलं नाहीस तरी चालेल. माझ्या शेजारची लहान, पिवळ्या स्वेटरमधली, आखूड केसांची, ती मानमान आहे. ती तुझी मुलगी आहे, चेन. ती दारातच थांबेल आणि तुझ्या डोळ्यांकडे बघेल. बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, एवढं एकच धरून ठेव आणि ती दिसताक्षणी तिला हाक मार. मानमान. मानमान म्हण.

तुझीच,
युनशू
(तुझी थोरली बहीण)